ठिबकलेला घाम

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी साडेसहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी उभं राहून बघा. फेऱ्या संपवून थांबलेल्यांच्या हनुवटीवरून, कोपरांवरून घामाचे थेंब टपटप पडत असतात. जिथे टेकतात तिथे कट्ट्यावर ओला ठसा उठतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी मेहनत! शरीराच्या हिशेबात मात्र जमिनीवर पडलेला प्रत्येक थेंब वाया गेलेला असतो. घाम अंगावर वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. ठिबकून गेलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि उष्णता जवळपास तशीच मागे ठेवतो.

मुंबईत राहून हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने, रेस मुंबईतली असो की साताऱ्यातली, आधी हा घामाचा हिशेब समजून घ्यावा. किती वेगाने धावायचं आणि किती प्यायचं ही दोन्ही उत्तरं त्यातूनच निघतात.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी सुमारे १३७० किलोकॅलरी लागतात. स्नायू यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी वापरू शकतात, बाकीची उष्णता होते. ती साधारण १०५० किलोकॅलरी धरू. ६५ किलोच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ५४ किलोकॅलरी पुरतात. अंगातली उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शेवटच्या किलोमीटरपर्यंत तापमान १९ अंशांहून जास्त चढेल, ३७ वरून थेट ५६. शरीर ४० अंशांच्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. म्हणजे ही जवळपास सगळी उष्णता धावता धावताच बाहेर टाकावी लागते.

हेच अंतर सव्वादोन तासांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांच्या पेसने पूर्ण करणारा माणूस सुमारे ५४० वॅट उष्णता तयार करत असतो. घरच्या ५०० वॅटच्या मिक्सरला लागते त्याहून जास्त शक्ती, आणि तीही सलग सव्वादोन तास. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाऱ्याने निघून जाणारी थोडी उष्णता सोडून दिली, तर पावणेदोन-दोन लिटर घाम वाळला की काम भागलं. घाम तर त्याहून जास्त येतो. अडचण वाळण्याची आहे.

घाम वाळतो तो त्वचेजवळच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबातल्या फरकामुळे. त्वचा ३५ अंशांवर धरली तर तिच्यालगत वाफेचा दाब पाऱ्याचे ४२ मिलिमीटर भरतो. मुंबईत पाऊस संपता संपता सकाळी २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाब असतो २४. फरक उरला १८. घाटावरच्या एखाद्या शहरात हिवाळ्यातल्या सकाळी २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाब साडेदहाच्या आसपास आणि फरक ३१ हून जास्त. तोच माणूस, तोच पेस, पण घाम वाळण्याची ओढ पावणेदोन पट. पुण्याला सहज धावून येणारा दादरला अर्ध्यातच का ढेपाळतो, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

इथे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. सकाळी सहाला आर्द्रता ८९ टक्के दिसते आणि दुपारी ५९, म्हणून काही जण सकाळ टाळतात. पण टक्केवारी तापमानाच्या तुलनेत असते. २६ अंशांना ८९ टक्के आणि ३३ अंशांना ५९ टक्के, या दोन्ही वेळी हवेतली वाफ जवळपास तेवढीच असते. दुपारी त्यात गरम हवेची आणि उन्हाची भर पडते. म्हणून मोबाइलवर हवामान बघताना टक्केवारी सोडून दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन जमायला लागते तो आकडा, बघावा. बहुतेक ॲपमध्ये तो ड्यू पॉइंट या नावाने असतो. तो १५ अंशांच्या खाली असेल तर मनासारखं धावा. २० च्या वर गेला की पेस सैल करा. २४ च्या वर असेल त्या दिवशी लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब धावेला, टायमिंगचा विचारच करू नका. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते यातही हाच शहाणपणा आहे: या शहराला वर्षातून जे थोडे कोरडे, थंड आठवडे मिळतात ते तेच.

पेस सैल केल्याने नक्की काय मिळतं? अंतर तेच, म्हणून एकूण उष्णताही जवळपास तीच. फक्त ती जास्त वेळात विभागली जाते. ६ मिनिटं २४ सेकंदांवरून ७ मिनिटांवर आलात की ५४० वॅटचे सुमारे ४९५ होतात. हवा जेवढा घाम वाळवू शकते त्याच्या आत आपण आलो, की तापमान चढायचं थांबतं. वेग धरून ठेवला तर नाडीच सांगते. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, उरलेल्या रक्तातलं बरंचसं थंड होण्यासाठी त्वचेकडे वळतं, हृदयाला दर ठोक्याला कमी रक्त मिळतं आणि ते ठोके वाढवून भरपाई करतं. पाचव्या किलोमीटरला १५० असलेली नाडी त्याच पेसला पंधराव्या किलोमीटरला १६५ होते. हा स्टॅमिना कमी पडल्याचा पुरावा नव्हे. दमट दिवशी घड्याळावर पेस बघण्यापेक्षा नाडी बघणं जास्त प्रामाणिक. सोबतीच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर पहिल्या १० किलोमीटरसाठी तुम्ही जास्त वेगात आहात.

शरीर उष्णतेची सवय करून घेतं, आणि ते फार लवकर. रोज तासभर उष्ण हवेत धावलं तर चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं. १०-१४ दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि कमी खारट होतो. पण ही सवय घाम गाळूनच लागते. एसी जिममध्ये ट्रेडमिलवर तीन महिने धावलेला मुंबईकर उष्णतेच्या बाबतीत पाहुण्यासारखाच असतो. नाशिक-कोल्हापूरहून जानेवारीत मुंबईत धावायला येणाऱ्यांनीही आधीचे दोन आठवडे दुपारी उशिरा, थोड्या उबेत काही रन करावेत.

आता वजनकाटा काढा. आपल्याला तासाला किती घाम येतो हे दुसऱ्या कुणाच्या आकड्यावरून ठरत नाही. दोन माणसांत दुपटीचा फरक सहज असतो. धावण्याआधी लघवी करून, कपड्यांशिवाय वजन घ्या. रेसच्या पेसने बरोबर एक तास धावा. परत आल्यावर अंग टॉवेलने नीट पुसून, घामाने भिजलेले कपडे काढूनच पुन्हा वजन करा. भिजलेला टी-शर्ट अंगावर राहिला तर काटा चुकतो, कारण त्या टी-शर्टमध्येच पावशेर घाम असू शकतो. आधी ६४.८ किलो, नंतर ६३.९ आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम १.२ लिटर. ऑक्टोबरात एकदा आणि जानेवारीत एकदा असं मोजलं की आपला आकडा हाती येतो.

या आकड्यावरून पाण्याचा हिशेब मांडता येतो. तासाला १.२ म्हणजे सव्वादोन तासांत २.७ लिटर. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते. ६५ किलोला ती १.३ लिटर झाली. उरले १.४ लिटर. दर अडीच किलोमीटरला पाण्याचा स्टॉल असेल तर आठ स्टॉल होतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी १७५ मिलिलिटर, एका छोट्या बाटलीला थोडं कमी. दोन-तीन घोटांत, चालत चालत प्या. पळता पळता गटागटा प्यायलं की हवाही पोटात जाते आणि कुशीत कळ येते.

जास्त पिणं हे कमी पिण्याइतकंच, काही वेळा त्याहून घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, त्यात १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेलं निघालं. त्याच्याशी सर्वांत घट्ट संबंध होता तो धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पिण्याशी. तीन तास लावणारा, प्रत्येक स्टॉलवर काळजीने बाटली रिकामी करणारा नवा धावपटू यात अडकतो. डोकं ठणकतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी रुतते, आणि आजूबाजूचे लोक पाणी कमी पडलं समजून त्याला अजून पाणी पाजतात. रेसनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर पाणी थांबवायचं. गोंधळल्यासारखं वाटत असेल तर थेट डॉक्टरांकडे.

मिठाचं काय? १ लिटर घामात सरासरी १ ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. पण घाम रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो, त्यामुळे नुसता घाम गेला तर रक्त उलट थोडं जास्त खारट होतं. सव्वादोन तासांच्या रेसमध्ये मिठाच्या गोळ्या मोजत बसण्याची बहुतेकांना गरज नसते. ओआरएसचा उपयोग आहे तो वेगळ्या कारणाने: लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. ते प्रमाण बिघडलं तर दारही अडतं. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की दुप्पट घट्ट द्रावण तयार होतं, आणि ते पाणी आत घेण्याऐवजी आतड्यात ओढतं. चौदाव्या किलोमीटरला शौचालय शोधावं लागतं ते अनेकदा यामुळे. ४.२ ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलिलिटरला.

खाण्याचा प्रश्न इथे लहान आहे. स्नायू आणि यकृतात मिळून ४००-५०० ग्रॅम साठवलेली साखर असते, ती या अंतराला पुरते. आदल्या रात्री वरणभात, सकाळी अडीच तास आधी केळं आणि ब्रेड, आणि दोन तासांच्या वर लागणार असतील तर वाटेत तासाला ३० ग्रॅम साखर मिळेल एवढं एखादं जेल किंवा खजूर. जे लाँग रनला खाल्लेलं नाही ते रेसला खाऊ नये.

आता मुंबईकर घाटावर जातो तेव्हाचं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने वर आणि त्याच रस्त्याने खाली. १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तर दर किलोमीटरचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. वेग कमी, म्हणून अंगाला वाराही कमी. तिथे पेस विसरून श्वासावर धावा, आणि तीव्र वळणावर सरळ चाला. चालल्याने जाणारी मिनिटं थोडी असतात.

खरं नुकसान उतारावर होतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. या कामात दम लागत नाही म्हणून माणूस सुसाट सुटतो, पण तंतू बारीक बारीक फाटतात. शेवटच्या चार किलोमीटरला मांड्या लाकडासारख्या होतात आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. सपाट मरीन ड्राइव्हवर कितीही किलोमीटर घातले तरी ही तयारी होत नाही. उपाय मात्र मुंबईत घरोघरी आहे: इमारतीचा जिना. लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. पहिल्या वेळी १० मजले, आठवड्याने २०, पुढच्या आठवड्याने ४०. स्नायूला एकदा हा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच मार फार कमी लागतो. शेवटचा जिना रेसच्या १० दिवस आधी. प्रत्यक्ष उतारावर पावलं छोटी आणि जलद टाका, मागे रेलू नका.

लहान शहरातल्या रेसमध्ये मागच्यांसाठी पाणी संपतं, कट-ऑफची, म्हणजे रेस संपवायला ठरवून दिलेली, वेळ झाली की रस्ता वाहनांना खुला होतो. अडीच तासांच्या पुढे जाणाऱ्याने अर्ध्या लिटरची बाटली स्वतःजवळ ठेवावी. सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावणं मात्र पूर्ण टाळा. धावताना मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, आयब्युप्रोफेनसारखी गोळी ते अजून कमी करते.

कोसळणारे बहुतेक जण फिनिश लाइनच्या पलीकडे कोसळतात. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. पाय थांबले की रक्त पायांतच साचतं आणि चक्कर येते. म्हणून फोटोसाठी उभे न राहता दहा मिनिटं चालत राहा. चक्कर आलीच तर आडवं झोपवून पाय उंच केले की माणूस काही मिनिटांत नीट बोलायला लागतो.

तो नीट बोलत नसेल, चिडत असेल, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नसेल, तर उष्माघात धरून चालावं, अंग घामाने ओलं असलं तरीही. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो कमीच दाखवतो. अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हलवायचं, कारण पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो. मोठं टब आणि बर्फाचं पाणी असेल तर मानेपर्यंत त्यात, डोकं धरून. नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोक्यावर, छातीपोटावर, हातापायांवर, आणि दर दोन-तीन मिनिटांनी ते बदलायचे. १०८ ला एकाने फोन लावावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने पाण्याच्या स्टॉलवरचा बर्फाचा डबा उचलून आणावा.