कोमातला मेंदू आणि आवाज : पार्श्वभूमी

बेशुद्ध माणसाला ऐकू येते का, हे ठरवण्याचे मुख्य साधन बराच काळ डॉक्टरांचा स्वतःचा गळा हेच होते. जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) ही डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन बेरीज करणारी मोजपट्टी १९७४ साली ग्लासगोत तयार झाली. हाक मारल्यावर डोळे उघडले, तर डोळ्यांच्या ४ पैकी ३ गुण. पुणे, हैदराबाद किंवा विजयपूर रस्त्यावर डोक्याला मार लागून सोलापुरात आणलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर आजही आधी हाच आकडा पडतो. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईकही दोन दिवसांत त्याच हिशेबात बोलू लागतात, ‘काल सहा होता, आज सात झालाय.’ पण ही पट्टी शरीराने दिलेले उत्तर मोजते. ऐकूनही उत्तर देता येत नसेल, तर तिच्या लेखी त्या माणसाने ऐकलेलेच नसते.

कानात ‘टिक’ असा आवाज सोडून पहिल्या १० मिलिसेकंदांतल्या लहरी डोक्यावरून टिपता येतात, हे १९७० च्या सुमारास दिसून आले. तीच आपल्याकडची बेरा (BERA) चाचणी. लोकांना ती माहीत असते लहान मुलांच्या बहिरेपणाची तपासणी म्हणून. कोमात ती एवढेच सांगते, की कानापासून ब्रेनस्टेमपर्यंतची, म्हणजे मेंदूच्या बुंध्यापर्यंतची वाट शाबूत आहे.

त्यापुढची पायरी १९७८ ची, फिनलंडमधली. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि मध्येच एखादा वेगळा टाकायचा. माणसाचे लक्ष नसले तरी मेंदू साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत त्याची दखल घेतो आणि ती ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावर, एक लहर म्हणून उमटते. मागावरच्या कारागिराला हे समजावून सांगावे लागणार नाही. गप्पांच्या नादातही खटखटीतला एक ठोका चुकला की त्याची मान वळते. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या १२८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३ जणांत ही लहर दिसली होती आणि त्यांतले ३० शुद्धीवर आले. हा आकडा पुढे खूप मिरवला गेला. लहर न दिसलेल्यांतलेही बहुसंख्य जागे झाले, ही त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मात्र मागे पडली.

खरा वाद पेटला तो २०१३ नंतर, स्वित्झर्लंडमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयातून. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांना पहिल्या दिवशी, शरीर थंड ठेवलेले आणि गुंगीची औषधे चालू असताना सूर ऐकवले गेले. दुसऱ्या दिवशी तापमान पूर्ववत झाल्यावर पुन्हा तेच. पहिल्या दिवशी पुढे वाचलेल्यांचा मेंदू सुरांतला फरक ओळखत होता आणि पुढे दगावलेल्यांचाही. ज्यांची ओळख दुसऱ्या दिवशी सुधारली, ते त्या छोट्या गटात वाचले. एकदाच केलेल्या चाचणीवर भिस्त ठेवणाऱ्या सगळ्यांनाच हा दणका होता.

अशा अभ्यासांत एक मेख असते. लक्षणे वाईट दिसली की जिथे उपचार थांबवले जातात, तिथे ‘ही लक्षणे असलेले वाचत नाहीत’ हा निष्कर्ष आपोआप खरा ठरतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबवण्याला वाट करून दिली आणि २०२३ मध्ये तिच्या अटी सैल केल्या. पण बिल झेपेना म्हणून ‘घरी नेतो’ अशी सही करून हलवलेला रुग्णही याच हिशेबात घुसतो, हे कुणी फारसे बोलत नाही.

२०१५ मध्ये त्याच स्विस गटाने आणखी एक खडा टाकला. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अवघड चाचणी मांडली होती. पाच सुरांचा गट, त्यात चार सारखे आणि पाचवा वेगळा. असे गट एकामागून एक ऐकवायचे आणि अचानक पाचही सूर सारखे असलेला गट सोडायचा. कानाला खटकावे असे त्यात काहीच नसते, फक्त आधीच्या गटांनी बसवलेला नियम मोडतो. तो नियम धरून ठेवायला भान लागते, म्हणून हा प्रतिसाद भानाची खूण मानला गेला. स्विस गटाला ती खूण कोमातल्या, गुंगीची औषधे चालू असलेल्या काही रुग्णांत सापडली. पॅरिसचे उत्तर असे, की मेंदूने नियम ओळखलाच असे नाही, सुरांच्या कमीजास्त येण्याचा हिशेब तेवढा टिपला असेल. आक्षेप रास्त आहे. पण एवढ्याने ती खूण पुन्हा पहिल्याइतकी भक्कम होते, असे मला वाटत नाही.

दरम्यान सुरांची जागा वाक्ये घेऊ लागली होती. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये प्रतिसादहीन तरुणीला ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असे सांगितले आणि स्कॅनमध्ये तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २०१९ मध्ये अमेरिकेत १०४ रुग्णांना हात हलवायच्या सूचना ऐकवल्या. हात हलले नाहीत, पण १६ जणांच्या ईईजीने साथ दिली. २०२४ च्या बहुदेशीय अभ्यासात बाहेरून आज्ञा न पाळणाऱ्या २४१ पैकी ६० जणांत, म्हणजे चारांत एकात, असे आढळले.

सोलापूरची अडचण इथे सुरू होते. सुराला भाषा नसते, आज्ञेला असते. शहराच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड, कुठे उर्दू. विजयपूर-कलबुर्गीकडूनही रुग्ण इथेच येतात. साध्या जीसीएसमध्येसुद्धा कन्नडमधले नीट उत्तर मराठी कानाला असंबद्ध वाटले तर गुण कापला जातो.

दुसरी अडचण कानाची. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षे तिथे राबलेल्या माणसाचे उंच पट्टीतले ऐकणे आधी जाते. त्यात डोक्याला मार असेल तर कानाच्या पडद्यामागे रक्त साठलेले असू शकते. बेराचा ‘टिक’ही मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्टीतला. मागावरच्या कामगारात त्याच्या लहरी उशिरा किंवा पुसट आल्या, तर कानाचा दोष ब्रेनस्टेमच्या नावावर जाऊ शकतो. म्हणून आवाजाची कोणतीही चाचणी लावण्याआधी ओटोस्कोपने कान बघणे, केसपेपरवरचा व्यवसायाचा रकाना वाचणे आणि घरी कोणती भाषा बोलतात हे विचारणे भाग आहे. मागावर आयुष्य गेलेल्यासाठी सूरही खालच्या पट्टीतले निवडावे लागतील.