चौकोनी आसाचे जाळे आणि मासळी निसटण्याचा गैरसमज

ट्रॉलरच्या जाळ्याला शेवटी 40 मिलिमीटर चौकोनी आसाची (आस म्हणजे जाळ्याचे भोक) पिशवी लावली की धंद्याची मासळीच निसटून जाते, अशी समजूत मालवणपासून रत्नागिरीपर्यंत अनेक वर्षे टिकून आहे. ती चुकीची आहे. नेहमीच्या शंकरपाळी आकाराच्या आसावर ओढताना ताण आला की तो मिटतो, त्यामुळे कागदावर 40 मिलिमीटर असलेले भोकही पाण्यात फटीएवढे उरते आणि बांगडा, राणी या माशांची पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस मात्र ताणाखालीही उघडा राहतो; पिल्ले बाहेर पडतात आणि त्यातून मावणार नाही एवढी वाढलेली मासळी आतच राहते. काही लहान मासळी हातची जाते हे खरे, पण तीच बहुतांशी कुटीसाठी, म्हणजे माशांच्या भुकटीसाठी, कवडीमोलाने विकली जाते. शिवाय उघड्या आसांतून पाणी सहज वाहत असल्याने जाळ्याची ओढ कमी होऊन डिझेलही वाचू शकते. राज्य शासनाने 2023 मध्ये 54 प्रजातींचे पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवले आहे. त्याहून लहान मासळी बंदरावर पोहोचेपर्यंत मेलेलीच असते, म्हणून ती समुद्रातच निसटू देणारे हे जाळे मला दंडाच्या भीतीपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.