सिगारेट सुटली, मग शुगर का वाढली?

मधुमेह असलेला माणूस हिय्या करून सिगारेट सोडतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, तर आकडा आधीपेक्षा थोडा वरच. मग तो म्हणतो, 'ओढत होतो तेच बरं होतं,' आणि पाय पुन्हा टपरीकडे वळतात. त्याचा अनुभव खोटा नाही, पण त्यातून काढलेला अर्थ जिवावर बेतणारा आहे.

ब्रिटनमध्ये डेबोरा लायसेट आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेह असलेल्या १०,६९२ धूम्रपान करणाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३,१३१ जणांनी सिगारेट सोडली आणि किमान वर्षभर तिला हात लावला नाही. पहिल्या वर्षात त्यांचं एचबीएवनसी सरासरी ०.२१ ने वाढलं. म्हणजे ७.५ असेल, तर साधारण ७.७. पुढे ते हळूहळू उतरलं आणि तीन वर्षांनी, ओढत राहिलेल्यांच्या बरोबरीला आलं.

वजन वाढलं म्हणून शुगर वाढली, असं आपण सहज म्हणून टाकतो. निकोटिन भूक मारतं. ते थांबलं की भूक परतते, जिभेला चव येते, रिकाम्या हाताला बिस्किटाचा पुडा सापडतो. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, हे खरंच. पण या अभ्यासात शुगरच्या वाढीचा हिशेब वजनाने लागला नाही. म्हणून 'तुम्हीच खाण्यावर ताबा ठेवला नाही' असं म्हणत घरच्यांनी त्या माणसाच्या मागे लागू नये, असं मला कळकळीने वाटतं. आधीच तो एका मोठ्या लढाईत आहे.

मुळात निकोटिन शुगरचा मित्र नाहीच. त्यामुळे अ‍ॅड्रेनालिन वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. सोडल्यावर हे उलटू लागतं. निरोगी मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात तर वजन वाढूनही आठ आठवड्यांत इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला दिसला. मेंदूचाही यात हात आहे. न्यूयॉर्कमधल्या माउंट सायनायच्या पॉल केनी यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की निकोटिनला प्रतिसाद देणारा मेंदूतला हाबेन्युला नावाचा इवलासा भाग स्वादुपिंडाशी जोडलेला आहे आणि त्या वाटेने रक्तातली साखर चढते.

इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी मात्र उलट्या बाजूनेही सावध राहावं. सिगारेटमुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि टोचलेलं इन्सुलिन सावकाश शोषलं जातं. सिगारेट थांबली की तेवढीच युनिट्स जास्त काम करू शकतात आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. पंचाईत अशी, की घाम, थरथर, चिडचिड, कडकडून भूक ही लक्षणं शुगर उतरल्याचीही असतात आणि तलफेचीही. त्यात चहाची भर. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन झटपट निकालात काढायला लावतात. धूर बंद झाला की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि छाती धडधडते. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.

०.२१ ची ती तात्पुरती वाढ कशाच्या बदल्यात आहे, तेही पाहायला हवं. मधुमेह असून धूम्रपान करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, न करणाऱ्या मधुमेहींच्या जवळपास दीडपट असतो. हृदय, मूत्रपिंडं, पायांच्या रक्तवाहिन्या, सगळ्यांवर दुहेरी मार बसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, सिगारेट सोडल्यावर वजन वाढलेल्यांमध्येही हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका कमीच झालेला दिसला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. सिगारेट सुटते आणि तिची जागा तंबाखू-चुना किंवा मशेरी घेते. धूर गेला तरी निकोटिन तेच राहतं.

सोडायचं ठरलं, की तारीख आधी डॉक्टरांना सांगा आणि पहिल्या वर्षात शुगर जरा जास्त वेळा तपासा. गरज पडली तर ते औषध वाढवतील, पुढे कमीही करतील. एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करता येतो. आणि ती तारीख रिपोर्टांच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी वाढलेला आकडा बघताना डॉक्टरांना आणि तुम्हालाही तो कुठून आला ते कळेल.