काचेवरचा तिसरा नोंदणी स्टिकर: नियम कुठून आला?

गाडीच्या काचेवर सरकारी कागद लावणं आपल्याकडे नवीन नाही. कर भरल्याचं टोकन दर्शनी लावावं लागे. खासगी गाड्यांना एकरकमी कर आल्यावर ते मागे पडलं. सध्याच्या स्टिकरचं मूळ मात्र करात नाही, गाडीचोरीत आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० मध्ये २००१ साली बदल झाला आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट आली. पुढच्या-मागच्या प्लेटा पळवता येतात, म्हणून समोरच्या काचेवर आतून, डाव्या वरच्या कोपऱ्यात १०० × ६० मिलिमीटरचा होलोग्राम स्टिकर ठरला, दोन प्लेटांनंतरची तिसरी नोंदणी-खूण म्हणून. त्यावर नोंदणी कार्यालय, गाडीचा क्रमांक, प्लेटांवर लेसरने कोरलेले क्रमांक, इंजिन आणि चासी क्रमांक. काढायला गेलं की फाटेल असाच तो बनवायचा. पुढची बरीच वर्षं निविदा, कोर्टकज्जे आणि राज्यांची चालढकल यांत गेली.

खरा गुंता २०१८ चा. दिल्लीच्या धुरक्यात डिझेल गाड्या लांबून ओळखता याव्यात म्हणून ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टिकरच्या रंगांची योजना मान्य केली: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, बाकीच्यांना करडा. चोरी रोखायला काढलेल्या स्टिकरवर प्रदूषणाचंही काम टाकलं गेलं, आणि तेही घाईत. कारण दिल्लीत हवा बिघडली की बंदी येते ती बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींवर (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरच्या मर्यादेचे टप्पे; आकडा मोठा तशी मर्यादा कडक). बीएस-३ पेट्रोलही निळं, बीएस-४ पेट्रोलही निळं. मग रंग बघून हवालदाराने अडवायचं कुणाला? २०२० मध्ये बीएस-६ गाड्यांच्या स्टिकरवर वरच्या बाजूला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी आली. त्याने डिझेलचा प्रश्न बराचसा सुटला: पट्टी नसलेला नारिंगी म्हणजे बीएस-४ किंवा त्याहून जुनी. जुन्या पेट्रोल गाड्यांचा घोळ तसाच राहिला. पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं तरी रंग बदलत नाही. आरसीवर इंधनाची नोंद मात्र बदलून घ्यावीच लागते.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला प्लेटा आणि स्टिकर कंपनीकडूनच येतात. त्याआधीच्या गाड्यांना त्या बसवून घ्यायला महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. ती सरकत सरकत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. सगळी ओरड प्लेटांच्या दरावर झाली (चारचाकीला ७४५ रुपये, जीएसटी वेगळा). स्टिकरकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि चुका तिथेच होतात.

एक प्लेट अपघातात गेली की नव्या प्लेटवर लेसर क्रमांक नवा येतो. जुना स्टिकर तेव्हाच चुकीचा ठरतो. प्लेटसोबत तोही नवा मागून घ्यावा. काच बदलली तर जुना सोलून नव्या काचेवर लावता येत नाही, फक्त स्टिकरची स्वतंत्र मागणी नोंदवावी लागते. गॅरेजवाला हे सांगेलच असं नाही.

लावताना काच आतून स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांवर लावला तर बाहेरून वाचता येत नाही, म्हणून ठिपके संपतात तिथून खाली घ्यावा. आरशामागच्या फास्टॅगपासून लांब ठेवावा. मधून कडांकडे बोटाने दाबत जायचं, कारण एकदा चिकटला की सरकवता येत नाही. आणि लावण्याआधी चासी क्रमांक आरसीशी ताडून बघावा. छापताना एखादा आकडा चुकला असेल तर न लावलेला स्टिकर परत देणं सोपं जातं.