सेंट व्हिन्सेंटमधील नीरफणस

पूर्व कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट या ज्वालामुखीय बेटावरचे मुख्य अन्नफळ. निखाऱ्यावर अख्खा भाजलेला नीरफणस आणि तळलेले जॅक मासे हा सेंट व्हिन्सेंट व ग्रेनेडीन्स या देशाचा राष्ट्रीय खाद्यपदार्थ आहे. १९७९ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ध्वजाच्या मधोमध नीरफणसाचे पान आणि त्यावर राजचिन्ह होते. १९८५ मध्ये त्या जागी तीन हिरवे हिरे आले.

कोकणात आणि गोव्यात हे झाड अनोळखी नाही. तिकडे नीरफणसाचे किंवा विलायती फणसाचे पातळ काप हळद, तिखट, मीठ लावून, रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. पण ते पानातल्या डाव्या बाजूचे. सेंट व्हिन्सेंटमध्ये नीरफणस भाताच्या, भाकरीच्या जागी बसतो. शंभर ग्रॅम गरात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके, ५ ग्रॅम तंतू आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून सोबत मासा लागतोच.

झाड आणि फळ

आर्टोकार्पस अल्टिलिस हे शास्त्रीय नाव. कूळ वड-उंबराचे, प्रजाती फणसाचीच. उंची १५ ते २० मीटर, पाने दोन्ही कडांनी मधल्या शिरेकडे खोल कातरलेली आणि चांगली हातभर लांब. फणस खोडाला आणि जाड फांद्यांना लागतो. नीरफणस मात्र फांद्यांच्या टोकांना लागतो, त्यामुळे काढायला अवघड. फळ १ ते ४ किलोचे, साल षटकोनी खवल्यांची. प्रत्येक खवला म्हणजे एकेक फूल. बेटावर रूढ असलेल्या झाडांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने फळात आठळ्या धरत नाहीत. आठळ्या असलेला भाऊबंद, आर्टोकार्पस कमान्सी, इथे ब्रेडनट म्हणून वेगळा ओळखला जातो. त्याच्या आठळ्या आपल्या फणसाच्या आठळ्यांसारख्याच मिठाच्या पाण्यात उकडून खातात.

बी नाही याचा अर्थ प्रत्येक झाड माणसाने हाताने लावलेले आहे. वाऱ्याने, पक्ष्याने, पाण्याने हे झाड पसरत नाही. बेटावर त्याचे दोन डझनांहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. होप मार्बल, कोकोब्रेड, कॅप्टन ब्लाय ही त्यांतली काही नावे. कोणता भाजायला, कोणता उकडायला, हे घरोघरी पक्के ठरलेले असते आणि त्यावर वादही होतात.

बेटावर कसे आले

ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यांना गुलामांसाठी स्वस्त शिधा हवा होता. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाने उत्तरेकडून येणारे धान्य व खारवलेले मासे अडले, वादळांनी मळ्यांतली कंदपिके मोडली, आणि पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून नीरफणस आणण्याची कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी उचलून धरली. त्यासाठी निघालेले नौदल अधिकारी विल्यम ब्लाय यांची पहिली सफर २८ एप्रिल १७८९ रोजी बाऊंटी जहाजावरच्या बंडाने संपली. हजारावर रोपे बंडखोरांनी समुद्रात फेकली. दुसऱ्या सफरीत प्रॉव्हिडन्स जहाज जानेवारी १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या राजधानीला, किंग्सटाऊनला लागले. तिथे १७६५ पासून वनस्पती उद्यान होते आणि अलेक्झांडर अँडरसन त्याचे प्रमुख होते. पाचशेहून अधिक रोपे इथे उतरली, उरलेली जमैकाकडे गेली. उद्यानात आजही एक नीरफणस त्या मूळ लागवडीच्या फुटव्यापासून वाढलेला म्हणून दाखवतात.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनी फळाला आधी तोंड लावले नाही. गुलामांना त्यांचे कंद, केळी आणि कसाव्याची सवय होती. नीरफणस बराच काळ डुकरांपुढे पडला. १८३८ मध्ये गुलामी पूर्णपणे संपल्यावर चित्र पालटले. मळ्याची सपाट जमीन मालकाकडेच राहिली, मुक्त झालेल्यांच्या वाट्याला डोंगरउताराचे तुकडे आले. तिथे परसातले एक झाड, ज्याला नांगर नको, दरवर्षी बियाणे नको, मजुरी नको, ही मोठी गोष्ट होती. मालकाने आणलेले झाड मजुराला मळ्यावाचून जगायला उपयोगी पडले, हे आणणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. १ जून १८६१ रोजी मद्रासहून त्रावणकोर जहाजाने आलेल्या करारबद्ध भारतीय मजुरांना आणि नंतर आलेल्यांना हे फळ इथे रुळलेलेच मिळाले.

काढणी

तयार फळाला कॅरिबियन बोलीत 'फुल' किंवा 'फिट' म्हणतात. तीन खुणा बघतात. गर्द हिरवी साल पिवळसर होऊन तिच्यावर तपकिरी छटा येते, खवल्यांची टोके बसून साल सपाट होते, आणि सालीवर चिकाचे थेंब बाहेर येऊन वाळलेले दिसतात. चिकाचे वाळके ठिपके ही त्यांतली सर्वांत भरवशाची खूण. कोवळे फळ भाजले तर गर पाणचट आणि रबरासारखा होतो, कितीही वेळ विस्तवावर ठेवला तरी मऊ पिठूळ होत नाही. फार पिकलेले फळ गोड आणि चिकट होते. ते भाजायला काढूच नये, त्याचे पुडिंग करावे.

लांब काठीच्या टोकाला आकडी किंवा सुरी आणि खाली फळ झेलायची जाळी, म्हणजे झेला, असे काढतात. खाली दुसरा माणूस पोत्याचे टोक धरून उभा राहिला तर उत्तम. जमिनीवर आपटलेले फळ बाहेरून चांगले दिसते, पण आतून एका बाजूने मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सडायला लागते. काढल्यावर देठ कापून फळ तासभर देठाकडून खाली तोंड करून ठेवतात, म्हणजे चीक निथळतो. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. सुरीला आणि हाताला आधी खोबरेल चोळायचे.

साध्या हवेत फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. निर्यातीची खरी अडचण हीच. पाण्यात बुडवून ठेवले तर आणखी काही दिवस टिकते, मात्र साल तडकते. १२ अंशांखालच्या थंडीत साल काळी पडते व गर नीट पिकत नाही, म्हणून कच्चे फळ फ्रिजमध्ये टाकणे चुकीचे. भाजून, सोलून, फोडी करून गोठवलेला मात्र छान राहतो.

भाजणे

दीड-दोन किलोचे, 'फुल' पण घट्ट फळ घ्यावे. देठ सालीलगत कापून त्याच्या उलट टोकाला सुरीने दोन बोटे खोल फुली पाडतात. ही फुली विसरली की आतली वाफ कोंडून फळ फुटते आणि गरम गर अंगावर उडतो. विस्तव लाकडाच्या किंवा नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यांचा हवा. ज्वाळेवर साल दहा मिनिटांत काळी होते, आत मात्र फळ कच्चेच राहते. नवशिक्यांचा बहुतेक घोटाळा इथेच होतो.

फळ थेट निखाऱ्यावर किंवा तीन दगडांवर ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी पाव वळण देतात. एकूण ४५ मिनिटे ते तास. साल सगळीकडे कोळशासारखी काळी झाली, देठाच्या जागेतून वाफेचा झोत सरळ येऊ लागला, आणि सुरी मध्यापर्यंत अडखळल्याशिवाय गेली की झाले. शहरात गॅसच्या शेगडीवरच ठेवतात; वेळ तेवढाच, पण धुराचा वास येत नाही, आणि किंग्सटाऊनमध्ये कुणालाही विचारले तर तो वास हाच पदार्थाचा अर्धा भाग असे सांगतील.

उतरवल्यावर पाचेक मिनिटे थांबून, जाड फडक्यात धरून, जळकी साल पट्ट्यापट्ट्यांनी कापून काढतात. काळे लागलेले हात गराला लावायचे नाहीत. मग कलिंगडासारख्या उभ्या फाका करून मधली मुसळी तिरकी कापून टाकायची. गर फिकट पिवळा, बाहेरून किंचित खरपूस, आतून उकडलेला बटाटा आणि ताजा पाव यांच्या मधल्या पोताचा. गरम असतानाच लोणी लावतात. थंड झाला की घट्ट होतो. उरलेल्या फाका दुसऱ्या दिवशी तेलात तळतात आणि काहींना त्याच जास्त आवडतात.

जॅक हा मोठ्या डोळ्यांचा, वीतभर लांबीचा मासा. पश्चिम किनाऱ्यावर थव्याने येतो आणि ओढजाळ्याने किनाऱ्याकडे खेचून पकडतात. पोट साफ करून, लिंबू आणि मिठाने धुऊन, लसूण, थाइम, कांद्याची पात व तिखट मिरची यांचे वाटण लावतात, पिठात हलके घोळवून कुरकुरीत तळतात. सोबत गोल्डन अ‍ॅपलचे सरबत. नावात सफरचंद असले तरी ते फळ आपल्या अंबाड्याच्या जातकुळीतले आहे, आणि चवही तशीच आंबट.

खारे मांस, नारळाचे दूध, हिरव्या पालेभाज्या आणि हळद घालून, दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवलेल्या नीरफणसाला ऑइल डाऊन म्हणतात. शेजारच्या ग्रेनाडाचा तो राष्ट्रीय पदार्थ, सेंट व्हिन्सेंटमध्येही आवडीचा. त्यातल्या हळदीला इथे पुष्कळदा सॅफ्रन, म्हणजे केशर म्हणतात. पाककृती वाचून खरे केशर घालणाऱ्याचे पैसे फुकट जातात.

नवे झाड

बी नसल्याने मुळांवर भिस्त. जमिनीलगतच्या बोटभर ते मनगटाएवढ्या जाड मुळाला पावसाळ्याच्या तोंडावर मुद्दाम जखम केली की तिथून फुटवा येतो. तो वीतभर वाढून त्याला स्वतःची तंतुमुळे फुटली की दोन्ही बाजूंनी मूळ कापून तुकड्यासकट उचलतात. घाई केली आणि तंतुमुळे येण्याआधी कापला तर आठवड्याभरात पाने गळून मरतो. दुसरी रीत म्हणजे १५ ते २५ सेंमी लांबीचे मुळांचे तुकडे सावलीत ओलसर वाळूत आडवे पुरणे. फांदीवर गुटी कलमही साधते. झाड तीन ते पाच वर्षांत फळाला येते. अंतर १० ते १२ मीटर ठेवावे आणि घरापासून लांब लावावे. लाकूड ठिसूळ असते, वादळात फांद्या छपरावर येतात, मुळे पायरी नि सिमेंटची गटारे उचकटतात. दरवर्षी काढणीनंतर शेंडा छाटून झाड सहा मीटरच्या आत ठेवले तर वादळातही टिकते आणि आकडीही पुरते. जुनी झाडे छाटली गेलेली नाहीत, त्यामुळे वरची निम्मी फळे आपोआप पडून वाया जातात.

पडलेली फळे झाडाखाली सडू देऊ नयेत. त्यांवर माश्या व उंदीर वाढतात, आणि फळ कुजवणारी बुरशी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या फांद्यांवरील फळांवर चढते. डुकरांना घालावीत किंवा खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर पुरावीत.

उतार, जंगल आणि ज्वालामुखी

सेंट व्हिन्सेंट बेट सुमारे ३४५ चौ. किमी. आणि बहुतेक सगळे उताराचे. अळू वा रताळे काढताना माती उकरावी लागते, आणि त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस ती सैल माती समुद्रात नेतो. नीरफणसाखालची जमीन वर्षानुवर्षे कुणी उकरत नाही. मोठी पाने पावसाचा मार झेलतात, गळून खाली आच्छादन होते. उताराच्या वरच्या कडेला नीरफणस, त्याखाली केळी आणि कोको, असा मेळ जुन्या वाड्यांत दिसतो. डोंगरमाथ्यावरचे जंगल तोडून गांजा किंवा कंद लावण्याच्या प्रकारापुढे मात्र परसातली झाडे अपुरी पडतात.

जंगल राखण्याचा इथला कायदा विलक्षण जुना आहे. १७९१ मध्ये, म्हणजे नीरफणस येण्याच्या दोन वर्षे आधी, किंग्स हिल ही टेकडी कुंपण घालून राखण्याचा कायदा झाला आणि कारण लिहिले गेले 'पाऊस ओढण्यासाठी'. जेमतेम २२ हेक्टरांचा हा तुकडा जगातल्या अगदी सुरुवातीच्या राखीव वनांत गणला जातो. झाडे तोडली की पाऊस आटतो, अशी त्या काळच्या निसर्ग-अभ्यासकांची धारणा होती. मळ्यांच्या मालकांना ती पटली ती उसाच्या काळजीने. अलीकडचे पाऊल रोजच्या जेवणाशी जोडलेले आहे: रस्त्यावर भाजलेला नीरफणस आणि मासा ज्या पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यांत मिळायचा, त्यांच्या आयातीवर २०१७ मध्ये बंदी आली.

उत्तरेचा ला सुफ्रिएर ज्वालामुखी ७ मे १९०२ रोजी फुटला तेव्हा सुमारे १,६०० माणसे मेली. १९७९ मध्ये तो पुन्हा फुटला, आणि ९ एप्रिल २०२१ च्या स्फोटाआधी हजारो लोकांना दक्षिणेकडे हलवले गेले. राख पडते तेव्हा नीरफणसाची रुंद पाने ती धरून ठेवतात. त्यावर पाऊस पडला की ओल्या राखेच्या ओझ्याने फांद्या कडाडून मोडतात. राख झटकता येते तेवढी कोरडी असतानाच काठीने झटकावी, फळे वाहत्या पाण्यात घासून धुवावीत आणि साल न खाता भाजूनच वापरावीत. खोड मोडले म्हणून झाड लगेच उपटू नये. मुळे जिवंत असतील तर काही महिन्यांत बुंध्याभोवती फुटवे येतात. त्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे इतरत्र लावता येतात. पहिले फळ यायला तीन वर्षे तरी जातात, तोवर केळी आणि अळूवर भागवावे लागते.