पीसीटी अर्ज की थेट परदेशी अर्ज: पेटंटच्या दोन वाटा

‘आमच्याकडे आंतरराष्ट्रीय पेटंट आहे’ असं एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या देशाचं? जगभर चालणारं एकच पेटंट कुणीच देत नाही. पेटंट देतं ते त्या त्या देशाचं कार्यालय, किंवा युरोपसारख्या ठिकाणी प्रादेशिक कार्यालय, आणि त्याचा अंमल तेवढ्याच हद्दीत चालतो. माहितीपत्रकातल्या त्या वाक्यामागे बहुधा पीसीटी नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली भरलेला एक अर्ज असतो. त्या अर्जावर कुठेही मंजुरीचा शिक्का बसलेला नसतो.

परदेशात पेटंट मागायच्या मुख्य वाटा दोन. पहिली 1883 च्या पॅरिस कराराची. तुम्ही एका सदस्य देशात पहिला अर्ज केलात की ती तारीख तुमची प्रायॉरिटी डेट. तिथून 12 महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत वेगवेगळे अर्ज भरायचे. मधल्या काळात कुणी तेच संशोधन प्रसिद्ध केलं किंवा स्वतः अर्ज भरला, तरी तुमचा अर्ज पहिल्या तारखेचाच धरून तपासला जातो. दुसरी वाट पेटंट कोऑपरेशन ट्रीटीची, म्हणजे पीसीटीची. ती 1970 मध्ये वॉशिंग्टनला झाली, 1978 पासून तिच्याखाली अर्ज घेतले जाऊ लागले, आणि जिनिव्हाची ‘वायपो’ ही जागतिक बौद्धिक संपदा संघटना तिचा कारभार बघते. इथे एका भाषेत एकच अर्ज भरायचा. दीडशेहून जास्त सदस्य देशांत तो त्या तारखेला भरलेल्या स्थानिक अर्जासारखा धरला जातो. देश निवडण्याची वेळ पुढे, साधारण 30 व्या महिन्याला येते.

या दोन वाटा एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पीसीटी अर्जसुद्धा बहुतेक वेळा पहिल्या अर्जाची प्रायॉरिटी, म्हणजे त्याचीच तारीख, मागतो, आणि त्यासाठी मुदत तीच, 12 महिन्यांची. म्हणजे बाराव्या महिन्याला तुमच्यापुढे प्रश्न असतो तो एवढाच: आत्ताच देशोदेशी जायचं, की पीसीटी भरून आणखी 18 महिने घ्यायचे?

तारखा मांडून बघू. पहिला अर्ज 10 मार्च 2025 ला भरला. थेट वाटेने जायचं तर सगळ्या देशांतले अर्ज 10 मार्च 2026 पर्यंत जायला हवेत. पीसीटी अर्जही त्याच दिवसापर्यंत. मात्र पीसीटी घेतली तर एकेका देशात शिरायच्या टप्प्याची, ज्याला नॅशनल फेज म्हणतात, मुदत 10 सप्टेंबर 2027 ला संपते. काही कार्यालयं, उदाहरणार्थ युरोपियन पेटंट ऑफिस, 31 महिने देतात. हे सगळे महिने प्रायॉरिटी डेटपासून मोजायचे असतात. पीसीटी भरल्याच्या तारखेपासून मोजून कुणी 2028 चा सप्टेंबर डायरीत लिहिला, तर वर्षभर उशीर होतो आणि बहुतेक देशांतला हक्क तोवर गेलेला असतो. काही देश कारण बघून तो परत देतात, पण त्या भरवशावर राहू नये. डायरीत प्रायॉरिटी डेट सगळ्यात वर, ठळक लिहा.

पीसीटीतून वेळेखेरीज मिळते ती सर्च रिपोर्ट, आणि माझ्या मते खरा फायदा तिचाच. तिच्यात तुमच्या संशोधनाशी जुळणारी आधीची कागदपत्रं, प्रत्येकासमोर एक अक्षर लावून, दिलेली असतात. ‘एक्स’ म्हणजे ते एकच कागदपत्र तुमच्या क्लेमची (अर्जात नेमकं कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या कलमाची) नवीनता किंवा कल्पकता मोडू शकतं. ‘वाय’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या कागदपत्राशी जोडल्यावर अडचण येते. ‘ए’ ही नुसती पार्श्वभूमी. पहिल्याच क्लेमसमोर दोन-तीन ‘एक्स’ आले, तर जपानी, चिनी, कोरियन भाषांतरांवर पैसे घालण्याआधीच तुम्हाला वस्तुस्थिती कळते. क्लेम्स आवळता येतात किंवा सरळ थांबताही येतं. रिपोर्टसोबत येणारं परीक्षकाचं लेखी मत मात्र कोणत्याही देशावर बंधनकारक नसतं. ते अनुकूल आलं म्हणून पेटंट नक्की मिळेल असं नाही, आणि प्रतिकूल आलं तरी स्थानिक परीक्षकासमोर मुद्दा मांडता येतो.

खर्चाबद्दल गैरसमज फार आहेत. पीसीटी स्वस्त नाही, ती खर्च पुढे ढकलते. पीसीटीची फी, सर्चची फी, आणि नंतर प्रत्येक देशाची फी, भाषांतर, स्थानिक एजंट हे सगळं आहेच. शेवटी दोनच देशांत जाणार असाल आणि ते आजच ठरलेलं असेल, तर थेट अर्ज करा. त्यात पैसे वाचतात आणि तपासणीही लवकर सुरू होते. ग्राहक कुठे सापडेल, गुंतवणूकदार येईल का, उत्पादन कुठे होईल हे काहीच ठरलेलं नसेल, तर पीसीटीचे ते 18 महिने पैसे मोजून घेण्यासारखे आहेत. एकट्याने किंवा छोट्या संघाने काम करणाऱ्या संशोधकाला मी बहुतेक वेळा हेच सुचवेन.

कधी निवडीचा प्रश्नच उरत नाही. अर्जेंटिना आणि पाकिस्तान पॅरिस करारात आहेत, पण पीसीटीत नाहीत. तिथे संरक्षण हवं असेल तर बाराव्या महिन्यालाच थेट अर्ज करावा लागतो, आणि बाकीच्या देशांसाठी पीसीटी सोबत भरता येते.

गुप्ततेच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळपास सारख्याच. पीसीटी अर्ज प्रायॉरिटी डेटपासून 18 महिने झाले की प्रसिद्ध होतो, आणि बहुतेक देश थेट अर्जांनाही हाच नियम लावतात. पीसीटीत प्रसिद्धीची तांत्रिक तयारी पूर्ण होण्याआधी अर्ज मागे घेतला, तर मजकूर बाहेर जात नाही.

एक गोष्ट मात्र कोणतीच वाट सावरून घेत नाही. पहिला अर्ज भरण्याआधीच परिषदेत निबंध वाचला, प्रदर्शनात यंत्र दाखवलं किंवा व्हिडिओ टाकला, तर प्रायॉरिटी डेट त्या दिवसाच्या मागे जात नाही. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आपापल्या अटींवर वर्षभराची सवलत देतात. युरोपमध्ये ती जवळजवळ नाहीच. तसंच, बाराव्या महिन्याला अर्जात नवीन सुधारणा घातली तर त्या भागाला जुनी तारीख मिळत नाही. तो नव्या तारखेचाच धरला जातो, मग अर्ज पीसीटीचा असो की थेट.