खानदेशातील प्राध्यापक आणि विद्यापीठ ग्रंथालयाची अध्यापन-संशोधन साहाय्य सेवा : पार्श्वभूमी

प्राध्यापकाला मागितलेले पुस्तक काढून देणे हे ग्रंथालयाचे एक काम झाले; एखाद्या विषयावरचे साहित्य कुठे शोधावे, कसे पारखावे आणि वर्गात कसे वापरावे हे त्याच्याबरोबर बसून ठरवणे हे दुसरे. पहिले आपल्याकडे जुनेच आहे. दुसऱ्याला रीतसर सेवेचे रूप उशिरा आले, आणि खानदेशात ते कसे आले हे पाहायचे तर विद्यापीठाच्या स्थापनेच्याही मागे जावे लागते.

या भागातील संशोधनाची आरंभीची महत्त्वाची केंद्रे महाविद्यालयांच्या बाहेर उभी राहिली. अमळनेरला उद्योगपती प्रताप शेठजींच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले; धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेली कागदपत्रे जपण्यासाठी लगेच १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ निघाले. महाविद्यालये त्यानंतरची, अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ चे. पुढे ही महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडली गेली, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या प्राध्यापकाला मोठ्या संशोधन ग्रंथालयासाठी त्या विद्यापीठाचे पुण्यातील जयकर ग्रंथालय गाठावे लागे. अध्यापन सांभाळून असा प्रवास सुट्टीतच शक्य होता.

ग्रंथपालाने वाचकाला व्यक्तिशः मदत करावी हा विचार मात्र तेव्हा देशात रुजत होता. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि संदर्भ सेवा हा ग्रंथालयाचा गाभा मानला. विद्यापीठीय शिक्षणाविषयीच्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या साऱ्या कार्याचे हृदय म्हटले. अमेरिकेत अर्लहॅम महाविद्यालयाचे ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनी १९६० च्या दशकापासून प्राध्यापकांशी मिळून, अभ्यासक्रमातील स्वाध्यायालाच जोडून ग्रंथालय-शिक्षण देण्याची पद्धत रुजवली. आपल्याकडे वर्षारंभीच्या उद्बोधन वर्गापलीकडे ही पद्धत फारशी गेली नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच राहिली, कारण या वर्गात विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे नियम कळतात, पण प्राध्यापकाच्या हाती काही पडत नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते) आणि खानदेशाला स्वतःचे विद्यापीठ ग्रंथालय मिळाले. त्याच सुमारास ग्रंथालयांना संगणकाने जोडण्याचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प देशात आकार घेत होता. १९९६ मध्ये या प्रकल्पाचे स्वायत्त केंद्र झाले. २००४ मध्ये विद्यापीठांना ई-नियतकालिके मिळू लागली आणि महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट या ई-साहित्य योजनेमुळे पुढे सहा हजारांहून अधिक नियतकालिके शहादा, चोपडा, साक्री यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली. साहित्य आले, पण ते वापरायला शिकवणारी व्यवस्था त्याच वेगाने आली नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो. देवघेव, दाखल नोंदी आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची कागदपत्रे त्याच्याच गळ्यात.

विशेषतः खानदेशावर संशोधन करणाऱ्याला अशा मार्गदर्शनाची गरज किती आहे, हे जिल्ह्यांच्या नावांवरूनच दिसते. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, म्हणून १८८० चे गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) त्याच नावाने आहे. त्यानंतर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, महाराष्ट्र राज्य आल्यावर जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल वस्त्यांविषयी शतकभराची जनगणना पाहणाऱ्याने ‘नंदुरबार’ एवढाच शब्द शोधला, तर त्याला जेमतेम गेली पंचवीस-तीस वर्षे सापडतील. कुठल्या काळासाठी कुठल्या नावाखाली पाहावे हे कोणताही शोधयंत्राचा पडदा आपणहून सांगत नाही. जाणता संदर्भ ग्रंथपाल मात्र सांगतो.

या सेवेची निकड प्रत्यक्षात वाढवली ती नियमांनी. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले आणि ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर खुले होऊ लागले. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांच्या गुणांकनाची जोड दिली. परिणामी लेखांची संख्या वाढली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचेही फावले. वाङ्मयचौर्याविषयीचे नियम २०१८ मध्ये आले. त्यांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे, तर साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास पीएच.डी.ची नोंदणी रद्द होऊ शकते. साम्य तपासणीचा अहवाल काढून देण्याचे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडेच आले. हा अहवाल वाचायचा कसा, म्हणजे कोणते साम्य रास्त अवतरणाचे आणि कोणते उचलेगिरीचे, हे मार्गदर्शक प्राध्यापकाला समजावून सांगणे ही ग्रंथालयातील आजची सर्वांत मोलाची शिकवणी आहे, असे मला वाटते. पुढे संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रमही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. वर्गणीचा करार केंद्रीय पातळीवर होतो. पण कापूस, केळी, अहिराणी किंवा सातपुड्यातील आदिवासी यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्यांतून नेमके हवे ते काढून देणारा माणूस जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या ग्रंथालयांतच नेमावा लागेल.